जमलं नाही तर वापस आणा

शालूबाई, तुझी तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन वाजला. मी पोळ्या लाटत होते. तो फोन मीच रोज चार्जिंगला लावत होते, कायले लावत होते ते मलाही माहीत नाही. कणकेच्या हातानंच उचलला.

"कंडक्टर बाई, धनजवरून गजानन बोलून राह्यलो. तुमचं कुत्रं वापस घेऊन जा. नाई जमत आता."

"बाई नाहीत," मी म्हटलं.

"ड्यूटीवर हायेत काय?"

"बाई वारल्या."

नुसता मोटारपंपाचा आवाज. मग तो माणूस हळूच म्हणाला, "अरे बाप्पा." आणि थोड्या वेळानं, "मंग आता कुत्र्याचं काय करू?"

इतके दिवस घरात माणसं येत होती. ताप कसा चढला, कुठल्या दवाखान्यात नेलं, शेवटी काही बोलली का, हेच सगळ्यांनी विचारलं. तू गेल्यावर मागं राहिलेल्यांचं काय करायचं, हे विचारणारा तो पहिलाच. मी "सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. पोळी तव्यावर काळी झाली होती.

चारचौघांत मी तुला "तुम्ही" म्हणायची. थोरली जाऊ, त्यात नोकरीवाली. स्वयंपाकघरात आपण दोघीच असलो की "तू" व्हायचं. आताही दोघीच आहोत, म्हणून "तू"च म्हणते.

आपल्या घरात कुत्र्यांचं पर्व सुरू झालं ते डबलपासून. कारंज्याच्या स्टँडवर एक पिवळट, लांब पायांचं कुत्रं रोज तुझ्या गाडीमागं धावायचं. तू डबल बेल मारली की ते उठायचं आणि वळणापर्यंत चाकाला लागून पळायचं, म्हणून नाव पडलं डबल. एक दिवस चाक त्याच्या पायाला घासून गेलं. तू ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावलीस, खाली उतरलीस, आणि ड्यूटी संपल्यावर खाकी ड्रेसच्या ओढणीनं बांधून त्याला घरी घेऊन आलीस. पाय बरा व्हायच्या आतच त्यानं घरच्या पिठाच्या गिरणीत उडी मारून गव्हाचं पोतं उलथवलं. भासरे, म्हणजे तुझे मालक, पिठानं पांढरे झालेले बाहेर आले आणि ओरडले, "हे जनावर हाये का वावधान?"

वादळाला आपल्याकडे वावधान म्हणतात, तसंच होतं ते. तू हसत होतीस. मी झाडू घेऊन गहू गोळा करत होते, आणि मला हसू येत नव्हतं.

"तुले एखादं शांत कुत्रं नाई भेटलं का?" मी विचारलं.

"शांत कुत्र्याले कोनीबी भाकर टाकते व, वंदे. हे उड्या मारनारं. याले लोक गोटे मारतात. म्हून याचंच पाह्यलं पाह्यजे."

तेव्हापासून तू तसलीच आणलीस. ज्यांच्या अंगात भूत नाचतं अशी. चपला पळवणारी, दोरी कुरतडणारी, भिंतीवरून पलीकडे जाणारी. घरी ठेवायला नाही, जागा मिळेपर्यंत; डबलही तसाच धनजच्या गजाननकडे गेला. आणि जागा तू तुझ्या गाडीतच शोधायचीस. एकदा मी तुझ्यासोबत मानोऱ्याला आले होते तेव्हा पाहिलं. तिकिटं काढून झाली की दांडीला टेकून तू उभी राहायचीस आणि एखाद्या म्हाताऱ्याजवळ नीलगाईंचा विषय काढून विचारायचीस, "काका, वावरात रोही येतात काय?"

"येतात ना बाई. तूर उभी खाल्ली औंदा."

"कुत्रं पाह्यजे का? लय धावते. रोह्याले गावाच्या शिवेपार नेऊन सोडते. पन एक हाये. बांधाचं नाई."

मग चौकशी. घरी कोण कोण आहे, कोंबड्या आहेत का, विहिरीला कठडा आहे का, बाहेरगावी गेलं तर भाकर कोण टाकणार. पोरगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना कोणी इतकं विचारत नाही. आणि सगळं पटलं की शेवटी ते वाक्य. मोठ्यानं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं: "हे पाहा, जमलं नाई तर मले वापस आना. रस्त्यावर सोडू नका. कवाबी आना."

या वाक्यावरूनच आपलं भांडण होतं.

त्या दिवशी आपण मानोऱ्यापुढच्या तांड्यावर शेवंताबाईकडे गेलो होतो, चिमणीला पाहायला. चिमणी म्हणजे ती काळी कुत्री, घरात असताना जिनं आपली दोन्ही अंगणं उकरून ठेवली होती. तिथं ती शेवंताबाईच्या बकऱ्यांभोवती गोल गोल पळत होती, जीभ बाहेर काढून, आणि एकही बकरी तिच्या रिंगणाबाहेर जात नव्हती. शेवंताबाई म्हणाली, "हिच्यामुळं मी बसून भाकर खाते आता." तू माझा हात दाबलास. तुझे डोळे भरले होते, आणि तू मला दाखवत नव्हतीस. शेवंताबाईची माणसं ऊसतोडीला गेली की चिमणी आपल्याकडे यायची, आणि ती परतली की पुन्हा तांड्यावर जायची. तू त्याला माहेरपण म्हणायचीस. चिमणी आली की तिच्या भाकरीत दूध कुस्करायचीस.

येताना गाडीत मी म्हटलं, "सगळ्यायले तू 'वापस आना' म्हनतं. उद्या सगळीच आली तर? घर केवढं आपलं?"

"वापस घ्याची तयारी नसन तर माणसानं देऊच नाई."

मला एकदम काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "आपल्याले देताना म्हटलं होतं का कोनी असं?"

तू खिडकीकडे तोंड केलंस. तुला ठाऊक होतं मी कशाबद्दल बोलतेय. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी पिशवी भरून दारव्ह्याला बापाकडे गेले होते. बापानं मला चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि त्याच संध्याकाळी स्वतः आणून इथं सोडलं. दारात उभं राहून ह्यांना म्हणाला, "लेकरू हाये, समजून घ्या." मी आत आले तेव्हा तू मला काही विचारलं नाहीस. ताट वाढलंस, समोर बसलीस आणि माझं जेवण होईपर्यंत उठली नाहीस. त्या ताटाबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आज बोलते. त्या रात्री मी या घरात राहिले ती तू समोर बसली होतीस म्हणून.

गाडी कारंज्यात शिरली तेव्हा तू इतकंच म्हणालीस, "मले बी नाई म्हटलं कोनी." तुझं माहेर रिठद काय फार लांब आहे? पण तू तिथं राहायला गेलेली मी कधी पाहिली नाही. पुढं बोलू म्हणून आपण उतरलो. तुझी दुसरी फेरी होती, गिरणीवर माझ्यासाठी दळणाचे डबे आले होते. ते बोलणं राहिलंच.

तर गजाननचा फोन आला. संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. भासरे ताटातून मान न उचलता म्हणाले, "तो फोन बंद कर. ते गेली, तिचा शब्दबी गेला." हे म्हणाले, "दादा म्हनतात ते बरोबर हाये. पिठात केस येतात म्हून लोक दुसऱ्या गिरनीवर चालले. चिमणीचंही पाहा काहीतरी." चिमणी दाराशी बसली होती. शेवंताबाईचं घर अजून बंद आहे, ती चैत्राशिवाय येत नाही. चिमणीसाठी जागा मी कुठं पाहू?

फोन मी बंद केला नाही. आवाज बंद केला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवला. पण गजाननही थांबणारा नव्हता. पुन्हा फोन आला तेव्हा म्हणाला, "बाई, राग मानू नका. येत्या बाजाराच्या दिवशी अमरावती रोडले सोडून देतो मी त्याले. कुठंबी पोट भरन."

त्या रस्त्यावरचे ट्रक तुला माहीत आहेत.

मावसबहिणीकडे जाते सांगून मी धनजच्या गाडीत बसले. तुझ्या जागी कोणी दुसराच कंडक्टर होता. त्यानं डबल बेल मारली आणि मी डोळे मिटून घेतले. एक बाई माझ्याकडे पाहत होती. "तुमी आपल्या कंडक्टर बाईच्या जाऊ ना?" तिनं विचारलं. तिच्या घरीही तू दिलेलं कुत्रं आहे. चांगलं आहे म्हणाली. दुधाच्या कॅनसोबत रोज डेअरीपर्यंत धावतं. मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. गाडीत आणखी कोणाकोणाच्या घरी आपली कुत्री आहेत, कोण केव्हा परत देईल, असं मी एकेका चेहऱ्याकडे पाहत बसले.

गजाननच्या वावरात, बोअरच्या खांबाला डबल बांधलेला होता. साखळी जिथवर पोचते तिथवर गोल जमीन झाली होती, शेणानं सारवल्यासारखी गुळगुळीत. गवताची काडी नाही. बाहेर हरभरा हिरवागार, आणि मध्ये तो गोल. मला पाहून तो उडाला. साखळीनं त्याला हवेतच मागं ओढलं, तो पाठीवर आपटला आणि पुन्हा उडाला. भुंकत नव्हता. नुसता उडत होता.

गजानन वाईट माणूस नाही, शालूबाई. कुत्र्याचं अंग भरलेलं होतं, पाण्याचं घमेलं स्वच्छ होतं. "मारलं नाई मी याले कवा," तो म्हणाला. "रोही असे पळवले यानं की काय सांगू. पन रोही गेले की याले चैन नाई. शेजाऱ्याच्या कोंबड्या मारल्या, तिसऱ्या वावरातली बकरी पाडली. मारामारीची पाळी आली. बांधलं तं हे असं. पाहवत नाई मले."

मी म्हटलं, "बाईंनी सांगितलं होतं ना, बांधायचं नाही म्हणून?"

त्याची बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बाईले माहीत होतं ना. पोळ्याच्या नंतर आल्या होत्या त्या."

"इथं?"

"हो. साखळी पाह्यली आन् तिथंच खाली बसल्या, मातीत. याले मांडीवर घेतलं. लय वेळ बसल्या. मंग म्हने, ठेवा थोडे दिवस असंच. मी जागा पाहून राह्यली. आत्ता घरी नेता येत नाई."

चहाची कपबशी मी खाली ठेवली.

पोळ्यानंतर. म्हणजे गव्हाच्या पिठात केस सापडला म्हणून भासरे गिराइकासमोर तुला बोलले होते, त्याच दिवसांत. एका संध्याकाळी तू उशिरा आलीस, खाकी सलवारीला माती लागलेली. मी विचारलं तर "पडली" म्हणालीस. आणि त्याच दिवशी जेवताना कसा कोण जाणे विषय निघाला आणि तू माझ्याशी कधी नव्हे इतकं भांडलीस. बांधलेलं कुत्रं म्हणजे मेलेलं कुत्रं, असं म्हणालीस. मी म्हणत होते, अगं, रस्त्यावर मरण्यापेक्षा साखळी बरी, भाकर तरी मिळते. तू ताट तसंच सोडून उठलीस. मला वाटलं मी हरले. तेव्हा तू नुकतीच त्याला साखळीला ठेवून आली होतीस.

मला का सांगितलं नाहीस? मी काय "पाह्य, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं असतं? म्हटलंही असतं कदाचित. पण मग आपण दोघी मिळून काहीतरी केलं असतं. इतकी वर्षं मला वाटायचं, या घरातून रोज बाहेर जाणारी तू सुटलेली आहेस आणि मी अडकलेली. तुझ्याकडे गाडी होती, घंटी होती, तू वाजवली की चाकं फिरायची. आणि तू एक कुत्रं घरी आणू शकत नव्हतीस.

मी नुसतं पाहायला गेले होते. पण त्या गोलाच्या काठाशी उभं राहिल्यावर परत फिरणं जमेना. गजाननच्या भावाची छोटी गाडी वांगी घेऊन कारंज्याला निघाली होती. मागं टोपल्यांच्या मध्ये मी बसले आणि डबल माझ्या मांडीवर. तो स्वस्थ बसलाच नाही. माझ्या पातळाची वाट लावली. वारा तोंडात घेत होता.

गिरणीसमोर गाडी थांबली तेव्हा डबे घेऊन बाया उभ्या होत्या. भासरे बाहेर आले, पापण्यांवर पीठ. त्यांच्यासमोर मी कधी सरळ उभी राहून बोलले नव्हते. त्या दिवशी पदर डोक्यावर घ्यायचंही सुचलं नाही, कारण दोन्ही हातांत दोरी होती.

"कोनाले इचारून आनलं हे?"

"बाईनं त्या लोकायले शब्द देला होता."

"ते मेली!" ते ओरडले. "किती वेळा सांगू?"

"मंग तुमीच सांगा त्याले. मले नाई सांगता येत."

डबलनं दोरी हिसकली. तो सरळ तुझ्या खोलीत गेला. खाटेखाली शिरला, खाटेवर चढला, तुझ्या ड्रेसच्या खुंटीखाली उभा राहिला. मग मोरी, मग स्वयंपाकघर, मग पुन्हा फाटकाशी येऊन रस्त्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आत. चिमणी त्याच्यामागं पळत होती. सगळं घर हुंगून झालं तरी तो थांबेना. बाया डबे घेऊन तशाच उभ्या. एकीनं डोळ्याला पदर लावला.

भासरे आत गेले आणि त्यांनी गिरणी सुरू केली. वर एक दाणा नव्हता. रिकामी गिरणी ते कधी चालवत नाहीत, दगड घासतात म्हणून. त्या दिवशी बराच वेळ चालवली. त्या आवाजात आत काय चाललं होतं ते कोणाला ऐकू आलं नाही.

हाकलून दे, असं ते त्यानंतर म्हणाले नाहीत. ठेव असंही म्हणाले नाहीत. माझ्याशी बोलतच नाहीत. गिरणीच्या मागं भिंतीला लागून जो अरुंद बोळ आहे, त्याच्या तोंडाला ह्यांनी टिनाचा पत्रा लावून दिला. तिथं दोघं असतात. डबल दिवसभर पत्र्यावर उड्या मारतो. धाड, धाड. धनजला गोल होता, इथं बोळ आहे. मी त्याला सोडवून आणलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भाकर टाकताना मी त्याच्याकडे नीट पाहतही नाही.

म्हणून मी पळते. तू ऐकलं असतंस तर खाली बसून हसली असतीस. उजाडलं की दोघांच्या दोऱ्या मनगटाला गुंडाळून मी फाटकाबाहेर पडते. सुरुवातीला चालत होते, पण डबलला चालणं ठाऊक नाही. पातळ खोचून, पायात ह्यांचे जुने बूट घालून, मंगरुळच्या रस्त्यानं मी पळते. चाळिशी उलटलेली बाई. दुधवाले गाड्या हळू करून पाहतात. चहाच्या टपरीवरचे म्हणतात, "कुत्रं बाईले फिरवून राह्यलं का बाई कुत्र्याले?" तळहाताला दोरीचे वळ आले, मग फोड आले, आता कातडी जाड झाली. परवा मी कापसाच्या जिनिंगच्या पुढच्या नाल्यापर्यंत गेले. लग्न होऊन आल्यापासून इतकी वर्षं झाली, त्या नाल्याच्या पलीकडे सीताफळीची झाडं आहेत हे मला माहीतच नव्हतं. धाप लागली होती आणि मी एकटीच हसत होते. घरी आल्यावर लगेच गप्प झाले. घरात सुतक नसलं तरी हसायचं कसं?

आणि गिरणीवर डबा घेऊन कोणी शेतकरी आला की मीही विचारते, दळण मोजता मोजता: "भाऊ, वावरात रोही येतात काय?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा भासऱ्यांनी मान वर केली. आवाज तुझ्यासारखा निघाला असावा.

काल माणसं येऊन गेली. मानोऱ्याच्या वाटेवर त्यांचा संत्र्याचा मोठा बगीचा आहे, चहूबाजूनं तारेचं कुंपण, रानडुकरांचा त्रास. नवरा-बायको आणि त्यांची सून. कोंबड्या नाहीत, बकऱ्या नाहीत. विहिरीला कठडा आहे. तुझे सगळे प्रश्न मी विचारले आणि एकाही उत्तरात खोट सापडली नाही. पत्रा बाजूला केल्यावर डबल सासूच्या अंगावर उडाला तर ती बाई रागावली नाही. "हे तं आमच्या पोरासारखंच हाये, एका जागी बसत नाई," म्हणाली. सून त्याची दोरी धरून रस्त्यावर पळाली आणि लाल तोंडानं परत आली. मी त्यांना ते वाक्यही म्हटलं. जमलं नाही तर वापस आणा. भासरे गिरणीत होते, त्यांना ऐकू गेलं असेल. मला म्हणताना भीती वाटली नाही.

सासरा म्हणाला, "मंग नेऊ का आत्ताच?"

आणि मी म्हटलं, "विचार करून फोन करते."

ते बुचकळ्यात पडले. ह्यांनी मला आत बोलावून विचारलं, "आता काहून अडवून राह्यली? इतकी चांगली जागा." मी काहीतरी सांगितलं. बगीचा आधी पाहून येते, असं.

खरं कारण मी कोणाला सांगू शकत नाही, म्हणून तुला सांगते. जागा चांगली आहे. मी फोन करणार आहे, उद्याच, आणि हो म्हणणार आहे. त्या बोळात त्याला एक दिवसही जास्त ठेवणं पाप आहे. चैत्रात शेवंताबाई येईल आणि चिमणीलाही घेऊन जाईल. दोघं पळतील, दिवसभर, मोकळी.

पण शालूबाई, त्यानंतरच्या सकाळी फाटक उघडून मी बाहेर पाऊल टाकलं तर? कुत्रं सोबत असलं की लोक नुसते हसतात. कुत्रं नसलं की विचारतील, कुठं चालली?